किल्ली टाकण्याआधी



दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मला चाकणजवळच्या कुरुळीहून फोन आला. एका लहान प्रेस शॉपचे मालक बोलत होते. त्यांच्या युनिटचे हिशेब आणि जीएसटीचं काम मी बघते. दारात गाडी भरून उभी होती, माल गुजरातेत सानंदला जायचा होता, सोमवारी तिथल्या लाइनवर लागणार होता, आणि मालासोबत लागणारं ई-वे बिल निघत नव्हतं. "ताई, ॲप उघडतंय, पण आत काहीच नाही," ते म्हणाले.

झालं होतं ते असं. डिस्पॅच बघणाऱ्या मुलानं बोनसच्या पैशांतून नवा फोन घेतला. जुना फोन दुकानात एक्स्चेंजला दिला, आणि देण्याआधी त्यातलं सगळं नीट पुसलं. लॉगिनच्या वेळी सहा आकडी कोड दाखवणारं ॲप त्यानं नव्या फोनवर पुन्हा उतरवून घेतलं. नंबर टाकला की व्हॉट्सॲप जसं परत येतं, तसं हेही येईल असं त्याला वाटलं. ॲप आलं, पण रिकामं. ई-वे बिलाचं पोर्टल मात्र पूर्वीसारखंच कोड मागत होतं.

कोड एसएमएसनं मागवता येतो, म्हणून तो मागवला. तो गेला जुलै २०१७ मध्ये नोंदणी करताना दिलेल्या मोबाइलवर. तो मोबाइल तेव्हाच्या कर सल्लागारांचा होता. ॲप पहिल्यांदा बसवलं तेव्हा त्यांनीच फोनवरून ओटीपी सांगितला होता. पुढे त्यांनी व्यवसाय बंद केला आणि नंबरही सोडला. सोडलेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. कुरुळीच्या कारखान्याच्या दाराची दुसरी किल्ली कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजत होती, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

कारखान्यात सुरक्षेचे धडे देणाऱ्या मास्तरांच्या नावानं चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर कामगार कायद्यावर, इंद्रायणी-पवनेच्या पाण्यावर, कंत्राटी मजुरीवर मोठी माणसं बोलून गेली. मला विचारलं गेलं तेव्हा मी सांगितलं, की मी फोनमधल्या त्या ॲपवर बोलेन: ते काढायचं कसं आणि पुन्हा बसवायचं कसं. मास्तर असते तर हाच विषय त्यांनी मागून घेतला असता. का, ते पुढे येईलच.

आधी ते ॲप करतं काय, हे समजून घेऊ. बऱ्याच जणांना वाटतं की कोड कुठून तरी फोनवर पाठवला जातो. तसं नाही. फोन विमानात ठेवतात तसा सगळ्या जोडण्या बंद करून ठेवा, ॲप तरीही कोड दाखवत राहील. सुरुवातीला आपण पडद्यावरचा चौकोनी क्यूआर स्कॅन करतो, त्यात एक लांबलचक गुप्त संख्या असते. तिची एक प्रत पोर्टलकडे राहते, एक आपल्या फोनमध्ये उतरते. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दोघंही घड्याळ बघतात. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजून त्याचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे करतात, त्या तुकड्याचा क्रमांक आणि ती गुप्त संख्या एका ठरलेल्या गणितातून काढतात, आणि उत्तरातून सहा आकडे घेतात. संख्या एक, घड्याळ एक, म्हणून उत्तर एक. दिवसभरात असे २,८८० कोड येतात आणि जातात. हे गणित २०११ मध्ये खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झालं, आणि आज बहुतेक कंपन्यांची ॲप्स त्याच्यावरच चालतात. फोनचं घड्याळ हातानं पुढंमागं केलेलं असेल तर कोड जुळत नाही, तेही याचमुळे. रात्रपाळीत 'कोड चुकीचा येतोय' म्हणून फोन आला की मी पहिल्यांदा वेळ आपोआप घेण्याची सेटिंग बघायला सांगते.

म्हणजे मोलाची वस्तू ॲप नव्हे. ॲप ही नुसती पेटी. मोलाची ती आतली गुप्त संख्या, आणि ती त्या एका फोनमध्ये असते. पेटी दुकानात पुन्हा फुकट मिळते, आतला ऐवज मिळत नाही. काही ॲप्स आता या संख्यांची प्रत आपल्या खात्यात जपून ठेवतात. गूगलच्या ॲपमध्ये ही सोय एप्रिल २०२३ मध्ये आली, त्याआधी सुमारे तेरा वर्षं ती नव्हती. आणि आपण चालू केली तरच ती चालू होते.

आता मास्तरांकडे येते. माझे वडील मास्तरांच्याच कारखान्यात स्टोअरला होते, म्हणून मास्तरांच्या गोष्टी आमच्या घरात रोजच्या जेवणाबरोबर असायच्या. मास्तर पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं प्रेस शॉपमध्ये यायचे. पॉवर प्रेसवर दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब, एका हातानं दोन्ही दाबता येणार नाहीत अशी. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच स्ट्रोक खाली येतो. स्ट्रोक येताना दोन्ही हात डायच्या बाहेर असावेत, यासाठीच ती योजना. मास्तर प्रत्येक प्रेसचं एकच बटण दाबून बघायचे. प्रेस हलली, तर ती त्या क्षणी बंद. कारण प्रेस हलली याचा अर्थ कुणी तरी दुसऱ्या बटणात पट्टी अडकवली आहे. नगावर पैसे मिळणारा कामगार वेग वाढावा म्हणून तसं करतो, सुपरवायझर डोळेझाक करतो, आणि मग बोटं जातात. भोसरी-चाकणमध्ये तळहातावर तीन बोटं असलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आज या सभागृहातही ती बसली आहेत.

पासवर्ड माहीत असणं हे पहिलं बटण. तो फोन हातात असणं हे दुसरं. चोराला पासवर्ड मिळाला, तरी त्याचा दुसरा हात रिकामा राहावा, एवढीच ही योजना. आणि आपल्या युनिट्समध्ये मी रोज काय बघते? लॉगिन आणि पासवर्ड कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेला. ओटीपी आला की तो ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एका ठिकाणी तर तो क्यूआरच फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, म्हणजे ती गुप्त संख्याच सोळा जणांच्या फोनमध्ये, आणि त्यातले पाच जण नोकरी सोडून गेलेले. ही पट्टीच आहे. इथे रक्त येत नाही, म्हणून ती दिसत नाही.

ही दोन बटणं आपल्याकडे एकदम आली नाहीत. कार्ड समोर नसताना होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांना दुसरी ओळखखूण लागेल, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑगस्ट २००९ पासून आहे. अनेक पुढारलेल्या देशांच्या आधी आपल्याकडे तो आला. फक्त एसएमएसवर अवलंबून राहू नये, इतरही मार्ग असावेत, असे नवे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू. ई-वे बिलाच्या पोर्टलवर ही सक्ती टप्प्याटप्प्यानं आली: आधी १०० कोटींवरच्या उलाढालीला, ऑगस्ट २०२३ मध्ये, मग १ जानेवारी २०२५ ला २० कोटींवरच्यांना, १ फेब्रुवारीला ५ कोटींवरच्यांना, आणि १ एप्रिल २०२५ ला सगळ्यांना. कोड एसएमएसनं घ्या, 'संदेस' ॲपवर घ्या, किंवा 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या ॲपमधून घ्या. मोठ्या कारखान्यांत यासाठी माहिती तंत्रज्ञानाचा विभाग असतो. शेवटच्या टप्प्यात आलेल्या चार प्रेस आणि एक टेम्पो असलेल्या युनिटकडे डिस्पॅचचा मुलगा असतो, आणि त्याचा स्वतःचा फोन.

दुसरं बटण बसवणं सोपं केलं गेलं. ते काढायचं कसं, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

मास्तरांचा दुसरा धडा यासाठीच सांगते. मशिन दुरुस्तीला घेतलं की मेंटेनन्सचा माणूस मेन पॅनल बंद करतो आणि त्याला आपलं कुलूप घालतो. स्वतःचं, स्वतःच्या नावाचा टॅग लावलेलं, आणि किल्ली स्वतःच्या खिशात. तीन फिटर आत असतील तर तीन कुलपं. शेवटचं निघाल्याशिवाय मशिन सुरू होत नाही. आता एखादा फिटर पाळी संपवून कुलूप तसंच ठेवून घरी गेला तर? नवशिका सुपरवायझर म्हणतो, हॅकसॉ आणा. मास्तर म्हणायचे, थांबा. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत १९८९ पासून यासाठी तीन अटी आहेत, आणि मास्तरांनी त्या आपल्या वहीत मराठीत लिहून ठेवल्या होत्या. तो माणूस खरोखर आवारात नाही ना, याची खात्री करा. त्याला गाठण्याचा मनापासून प्रयत्न करा. आणि तुमचं कुलूप आम्ही काढलं आहे, हे तो परत कामाला लागायच्या आधी त्याला सांगा. मगच कुलूप तोडायचं, दोघांच्या सहीनं.

फोन हरवल्यावर ज्याला 'रीसेट' म्हणतात, तो हाच प्रसंग. दुसरं बटण काढून नवं बसवायचं असतं, आणि मधला काही वेळ प्रेस एकाच बटणावर चालते. चोर याच वेळेची वाट बघत असतो. 'मी विभागातून बोलतोय, तुमचं ऑथेंटिकेशन रीसेट करायचंय, आत्ता आलेला कोड सांगा' हा फोन तुमच्यापैकी कित्येकांना आला असेल. कोड कोणाला सांगायचाच नसतो, हे आपल्याला पाठ आहे. तरी दारात गाडी उभी असली की माणूस सांगून जातो. म्हणून, रीसेटला कागद मागणाऱ्या, दोन दिवस लावणाऱ्या, पुन्हा पुन्हा ओळख पटवून घेणाऱ्या व्यवस्थेवर चिडू नका असं मी माझ्या मालकांना सांगते. सिमकार्ड बदललं की ते २४ तास एसएमएस घेत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. गैरसोय होते खरी. पण तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी सिम काढलं असेल, तर तेच २४ तास तुमचे असतात.

मधली तपासणीच कुणी ताब्यात घेतली तर काय होतं, ते आपण पुण्यात पाहिलं आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँक, १९०६ साली सुरू झालेली सहकारी बँक. एटीएममधून पैसे देण्याआधी 'या खात्यात आहेत का, देऊ का' असं बँकेच्या मुख्य संगणकाला विचारलं जातं. चोरट्यांनी मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली, आणि 'दे' हे उत्तर तीच देत राहिली. खऱ्या संगणकाला कुणी विचारलंच नाही. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. मला त्या आठवड्यात झोप लागली नव्हती, कारण माझ्या कित्येक कारखानदारांची खाती तिथे होती. खातेदारांच्या खात्यातून पैसे गेले नव्हते, बँकेचे गेले होते. तरी पासबुक हातात घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी विसरलेले नाही.

आता सरळ कामाचं बोलते. ज्यांना लिहून घ्यायचं आहे त्यांनी घ्या.

नवा फोन आला की जुना हातातून सोडू नका. दुकानदार शंभर-दोनशे जास्त देतो म्हणाला तरी दोन दिवस थांबा. संगणकावर खात्यात शिरा, जुन्या फोनवरचा कोड टाकून. खात्याच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन नवा फोन जोडा, म्हणजे तिथे नवा क्यूआर येईल, तो नव्या फोननं स्कॅन करा. आता घाई करू नका. ती खिडकी उघडी ठेवून, दुसऱ्या ब्राउझरमध्ये नव्या फोनचा कोड टाकून आत शिरता येतं का बघा. हे मास्तरांचं एक बटण दाबून बघणं. शिरता आलं, तर खात्यातून जुन्या फोनची नोंद काढा. मग जुन्या ॲपमधली ओळ पुसा. मग ॲप काढा. मग फोन पुसा. आणि मग दुकानात जा. बहुतेक माणसं नेमकी उलटी चालतात: आधी फोन पुसतात आणि शेवटी खात्याकडे वळतात. कुलूप पोर्टलवर असतं, फोनमध्ये फक्त किल्ली. किल्ली नदीत टाकली म्हणून कुलूप उघडत नाही. दुसरी ओळखखूण कायमची बंद करायची असेल, तरीही क्रम हाच, खात्यात बंद करा, नंतर फोनला हात लावा.

फोन चोरीलाच गेला असेल तर हा क्रम उरत नाही. तेव्हा उपयोगी पडतात ते राखीव कोड. गूगल एका वेळी दहा देतं, आठ-आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालतो. ते फोनमध्ये फोटो काढून ठेवायचे नसतात, हे सांगावं लागू नये, पण लागतं. कोड नसतील तर एखाद्या संगणकावर खातं अजून उघडं आहे का ते बघा, असेल तर तिथून लॉगआउट करू नका. कंपनीचं खातं असेल तर कंपनीच्या ॲडमिनला सांगा, तो तुमची जुनी नोंद काढून नवी करायला लावू शकतो. सिम बंद करा, 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करा, पैसे गेल्याचा संशय आला तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि ॲडमिन एकच असेल, आणि फोन त्याचाच गेला असेल, तर त्या कारखान्यात कुलूप तोडायला कुणीच उरत नाही. म्हणून ॲडमिन दोन हवेत.

कुरुळीचं पुढे काय झालं ते सांगते. ई-वे बिल माल पाठवणाऱ्यानंच काढावं असं नाही, नोंदणी असलेला ट्रान्सपोर्टरही ते काढू शकतो. भरलेला टेम्पो भाड्याचा, त्याच्या मालकाची नोंदणी नव्हती. रविवारी दुपारी चाकणच्या एका ट्रान्सपोर्टरनं माल आपल्या गाडीत घेतला, आपल्या लॉगिनमधून बिल काढलं, दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं चार दिवसांची मुदत मिळाली, आणि गाडी निघाली. माल लाइनवर उशिरा लागला. गिऱ्हाइकानं डेबिट नोट काढली. तिची रक्कम मी इथे सांगणार नाही, त्या युनिटच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा ती फार कमी नव्हती.

सोमवारी मी आणि मालक कर कार्यालयात गेलो. नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल मध्यस्थाचा असेल आणि तो हाताशी नसेल, तर आपल्या हद्दीच्या अधिकाऱ्याकडे कागदपत्रं देऊन ते बदलून घेता येतात. ही सोय २०१८ मध्ये केली गेली, कारण देशभर हेच झालं होतं. जीएसटी नवा होता, लोक घाबरलेले होते, आणि सल्लागारांनी सोयीसाठी आपलेच नंबर घातले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी स्वतः २०१७ मध्ये नऊ जणांच्या नोंदणीत माझा नंबर घातला होता. नवव्याचा बदलून होईपर्यंत मला दोन वर्षं लागली, आणि त्या काळात मला काही झालं असतं, तर नऊ दारं बंद झाली असती. हे मी आज जाहीरपणे कबूल करते.

अधिकारी बाईंनी मालकांना तीन वेळा विचारलं, हा नंबर तुमचाच ना, तुमच्याच नावावर ना. मालक वैतागले. मला मात्र मास्तरांची वही आठवली: तो माणूस खरोखर आवारात नाही ना?

आणखी एका माणसाबद्दल बोलायचं आहे, तो लॉगिनवाला नाही. कंत्राटी कामगार. लातूरहून, नांदेडहून, बिहारहून येतो, महाळुंगे-खराबवाडीच्या खोलीत चौघांत राहतो. स्वस्त मिळालं ते सिम घेतो, रिचार्ज संपला की दुसरं घेतो. कंत्राटदार बदलला की त्याला पीएफ काढायचा असतो, आणि तिथे ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर तीन सिमांपूर्वीचा. बदलायला बहुतेकदा आधार केंद्र गाठावं लागतं, म्हणजे एका दिवसाचा खाडा. हजार-दीड हजारात काढून देतो म्हणणारा माणूस खोलीच्या दारातच भेटतो, आणि नवा नंबर म्हणून स्वतःचा घालतो. आपल्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. कामावर घेताना बूट आणि हेल्मेट देता, त्याच दिवशी त्याचा आधारचा नंबर चालू आहे का हेही बघा. त्याच्या समोर, त्याच्याच फोनवर. आणि कंत्राट संपलं की पुन्हा एकदा बघा.

कुरुळीला आता दोन ॲडमिन आहेत, मालक आणि त्यांची बहीण. डिस्पॅचच्या मुलाला स्वतःचा वेगळा सब-यूजर आहे, मुलगा सोडून गेला तर मालक तो सब-यूजर गोठवू शकतात. ईमेलचे राखीव कोड लिफाफ्यात, लिफाफा तिजोरीत, वर दोघांच्या सह्या. खंडेनवमीला हत्यारं पुजतात तेव्हा लिफाफा बाहेर काढायचा, नोंदणीत कुणाचा नंबर आहे ते वाचायचं, सोडून गेलेल्यांची नावं काढायची, असं बहिणीनं ठरवलं आहे. प्रेसवरच्या झेंडूच्या माळेशेजारी तो लिफाफा ठेवायचा, असंही ती म्हणाली.

मास्तर निवृत्त झाले त्या दिवशी शेवटच्या पाळीला स्टोअरच्या खिडकीशी आले. निरोपाचा हार गळ्यात तसाच होता. खिशातून आपलं कुलूप काढलं, किल्ली काढली, टॅग काढला, तिन्ही काउंटरवर ठेवलं. माझ्या वडिलांनी वही उघडली, नाव शोधलं, कुलूप हातात घेतलं. किल्ली घालून उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मास्तर समोर उभे राहून बघत होते. मग वडिलांनी नावावर रेघ मारली, तारीख घातली, आणि वही सहीसाठी त्यांच्याकडे फिरवली.